चार मार्क

ज्या माणसाने माझ्या बापाच्या फाइलीवर 'चार' हा आकडा लिहिला, त्याला मी सोडणार नव्हते. हे माझं वाडीतल्या प्रत्येकाला सांगून झालं होतं, एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी बायकांना सांगितलं होतं, आणि शेवटी देवालाही सांगितलं होतं. माझं नाव तेजस्वी. तोंड नावापेक्षा तापट आहे असं आई म्हणते, आणि ते खरंच आहे. मला गप्प बसता येत नाही. कोणीतरी चूक केली असेल तर त्याचं नाव कळल्याशिवाय मला जेवण जात नाही.

आता हा आकडा काय प्रकार आहे ते सांगते. अर्धांगाचा झटका आलेला माणूस हॉस्पिटलात आणला की डॉक्टर त्याची परीक्षाच घेतो. महिना कुठला चाललाय, वय किती, असं विचारतो. डोळे मीट, मूठ आवळ, असं सांगतो. हात पुढे धरायला लावतो आणि दहा मोजेपर्यंत तो खाली पडतो का बघतो. मग पाय, मग बोलणं. जिथे जमत नाही तिथे मार्क पडतात, म्हणजे सगळं शाळेच्या उलट. शून्य मिळालं तर माणूस ठणठणीत, आणि बेचाळीस म्हणजे माणूस असून नसल्यातच जमा.

मला हे तोंडपाठ आहे, कारण माझं पोटच त्यावर चालतं. मी मेडिकल कोडर आहे. पणजीतल्या एका कंपनीसाठी मिठबावच्या अलीकडल्या आमच्या वाडीत, घरातल्या माळ्यावर लॅपटॉप घेऊन बसते, अमेरिकेतल्या हॉस्पिटलांच्या फायली वाचते आणि प्रत्येक आजाराला ठरलेला कोड लावते. अर्धांगाच्या मार्कांनाही कोड आहे. आर एकोणतीस पॉइंट सात, आणि पुढे जेवढे मार्क तेवढा आकडा. सहा वर्षांत हजारो माणसांचे लुळे हात मी असे कोडात बसवले, पण त्यातला एकही हात डोळ्यांनी बघितला नाही. आमच्या धंद्यात नियमच आहे की कोडरने स्वतः मार्क काढायचे नाहीत. फाइलीत जे लिहिलंय ते घ्यायचं, आणि जे लिहिलेलं नाही ते झालेलंच नाही असं समजायचं.

माझा बाप दत्ताराम तारी. चाळीस वर्षं रापणीवर गेली त्याची, किनाऱ्यावरून जाळं ओढण्यात. हात असे की नारळ सोलायला त्याला कोयता लागत नसे. बाबाला इंग्रजी महिना कधी सांगता आला नाही, आणि सांगायचाही नव्हता. "भरती काय क्यालेंडर बगून येता?" असं म्हणायचा. त्याचं सगळं तिथीवर. माझ्या बारावीचा निकाल कधी लागला विचारलं तर 'ज्येष्ठातली एकादस' असं उत्तर यायचं. वयावरून तर दर वर्षी भांडण ठरलेलं. आधार कार्डावर एकाहत्तर, पण बाबाच्या मते शाळेतल्या मास्तराने तीन वर्षं फुकट वाढवून लिहिलेली. "मास्तर माज्या बारशाक इल्लो काय?" तो अडुसष्टावर ठाम होता, आणि जो कोणी एकाहत्तर म्हणेल त्याच्याशी दोन दिवस बोलत नसे.

आता तो कोणाशीच बोलत नाही. उजवा हात मांडीवर पडलेला असतो, आणि तोंडात एकच शब्द उरलाय, 'व्हय'. पेज हवी का विचारलं की व्हय. पोट भरलं का, व्हय. ऊन लागतंय का, व्हय. सुरुवातीला आम्हाला वाटलं काहीतरी समजतंय. मग आईने एकदा दोन्ही बाजूंनी विचारून बघितलं आणि पदर तोंडाला लावून परसात गेली.

हे सगळं घडलं नारळी पौर्णिमेनंतर पाच दिवसांनी. मी पणजीत होते. महिन्यातून एका बुधवारी कंपनीत तोंड दाखवावं लागतं, नेमका तोच बुधवार होता. साडेदहाला आईचा फोन आला.

"तेजू, बापाशीचा तोंड वाकडा झाला गो. च्याची कपबशी हातातसून पडली."

आई म्हणजे सुगंधा. गावातल्या सगळ्यांच्या बाळंतपणांना धावणारी बाई, पण त्या दिवशी तिचा आवाज मला ओळखू आला नाही. मी मात्र शांत होते. खरं सांगते, मला थोडा अभिमानच वाटत होता, की घरात एक माणूस असं आहे ज्याला यातलं कळतं.

"आये, घाबरा नको. मंगेशाक गाडी काढूक सांग. झाडपालो नको, कोणाक दाखवूक नको, थेट कणकवली. आयकतंस मा? थय डॉक्टर प्रश्न इचारतले, हात उचलूक सांगतले, आणि मार्क घालतले. जितके मार्क कमी, तितको आजार ल्हान. माजा रोजचा काम आसा ह्या."

"कमी पडाक व्हये, मा?" आईने विचारलं.

"व्हय, कमी," मी म्हटलं आणि फोन ठेवला, कारण तिने मंगेशला हाक मारायला हवी होती.

मंगेश शेजारचा. त्याच्या इको गाडीने त्यांना बारा वाजायच्या आत हॉस्पिटलात पोचवलं. दीड वाजता पुन्हा फोन. आई हसत होती की रडत होती कळेना. "चारच पडले गो तेजू! बेचाळिसातले चार!" मी ऑफिसच्या जिन्यात खाली बसले आणि ढसाढसा रडले. आनंदाने. चार म्हणजे किरकोळ. चार मार्कांची माणसं आठवड्यात चालत घरी जातात, मी किती फायलींत वाचलं होतं. गाठ विरघळवणारं इंजेक्शन असतं, ते झटका आल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, पण त्याने कधी कधी मेंदूत रक्तस्राव होतो. एवढ्या किरकोळ झटक्याला तो धोका कशाला, म्हणून डॉक्टरने ते दिलं नाही. गोळ्या दिल्या आणि नजरेखाली ठेवलं. बरोबरच केलं, मीसुद्धा आईला तसंच सांगितलं.

संध्याकाळी सातला मी पोचले. बाबा झोपला होता, अंगावर आईची शाल. "निजांदे तेका, दमलो," आई म्हणाली. मी शाल बाजूला करून हात बघितला नाही. कशाला बघू? आकडा कळला होता ना!

दुसऱ्या दिवशी सकाळी मोठे डॉक्टर आले, त्यांनी बाबाचा उजवा हात वर उचलला आणि सोडला. तो खाटेवर आपटला. त्यांनी नाव विचारलं, बाबा म्हणाला, "व्हय." रात्रीत झटका वाढला असेल, असं काहीतरी ते आपसात बोलले. साडेचार तास कधीच उलटून गेले होते.

त्या दिवसापासून मी एकच धरून बसले. चार लिहिणाऱ्याने नीट बघितलंच नाही. रात्रीत वाढला म्हणे! मला शिकवता? अशा दांड्या कशा मारतात ते मी रोज बघते. एक डॉक्टर न तपासता लिहितो, दुसरा त्याचंच खाली उतरवतो. बाबाला बसवताना, पुसताना, पेज भरवताना माझ्या तोंडी तेच. "शिरा पडांदे तेच्या हातार," मी शाप द्यायची, आणि आई म्हणायची, "गप गो. असा म्हणू नये." मला तिचा राग यायचा. नवरा असा झाला आणि हिला दुसऱ्याच्या हाताची काळजी!

दसऱ्यानंतरच्या सोमवारी मी देवळात गाऱ्हाणं घातलं. आमच्याकडे कोर्टात जाण्याआधी माणूस देवाकडे जातो. गुरव देवासमोर उभा राहून तुमच्या वतीने बोलतो, नारळ ठेवतो, आणि जमलेली माणसं प्रत्येक वाक्याला होकार भरतात. एकदा होकार पडला की तो शब्द देवाने घेतला असं धरतात, मग तो ज्याला लागायचा त्याला लागतो. गणपत गुरव सत्तरीचे, आवाज अजून खणखणीत. मी सांगितलं तसं ते बोलले.

"बा देवा म्हाराजा! तुज्या लेकराचो उजवो हात गेलो, वाचा गेली."

"व्हय म्हाराजा!"

"जेच्या हातान ह्या खोटा झाला, तो कोण आसा ता तूच शोधून काढ."

"व्हय म्हाराजा!"

"जसो हेचो हात पडलो, तसो तेचो पडांदे. जशी हेची वाचा गेली, तशी तेची जावंदे!"

"व्हय म्हाराजा!"

पंधरावीस माणसं होती, सगळी ओरडली. माझ्या शेजारी आई गप्प उभी होती, नजर खाली. मला इतका संताप आला! मी तिला कोपराने ढोसलं. "आये, व्हय म्हण मा! तुज्या घोवासाठी चल्ला हा सगळा!" तिने माझ्याकडे बघितलं. मग मान वर करून, देवाकडे बघून, सगळ्यांच्या मागून एकटीच मोठ्याने म्हणाली, "व्हय म्हाराजा." देऊळ शांत झालं होतं, त्यामुळे तो आवाज जास्तच मोठा वाटला. मला बरं वाटलं तेव्हा. सांगायला लाज वाटते, पण बरं वाटलं.

देव आपलं काम करील, आपण आपलं करायचं. मी फाइलीची नक्कल मागितली. हॉस्पिटलाचं नाव सांगत नाही, सगळीकडे हीच कथा. पहिल्या खेपेला रेकॉर्डचा माणूस रजेवर. दुसऱ्या खेपेला अर्ज चुकीच्या नमुन्यात. तिसऱ्या खेपेला मी टेबलावर हात आपटून म्हटलं, "साहेब, मी याच धंद्यात आहे. फाइल किती दिवसांत द्यावी लागते ते मला सांगू नका." अर्ध्या तासात नक्कल हातात पडली. गेल्या मंगळवारची गोष्ट ही.

बाहेरच्या बाकावर बसून मी उघडली. पान तिसरं. हस्ताक्षर सुवाच्य, तेवढं मानलं पाहिजे. चेहरा वाकडा, दोन. उजवा पाय किंचित खाली येतो, एक. उच्चार अस्पष्ट, एक. हात दोन्ही, दहा सेकंद, स्थिर, शून्य. आणि वर पहिल्याच ओळीत: महिना, ऑगस्ट, बरोबर. वय, एकाहत्तर, बरोबर. शून्य. एकूण चार. खाली सही, डॉ. दीपेश.

मी पुन्हा वाचलं. ऑगस्ट? एकाहत्तर?

सापडलास मेल्या, मी मनात म्हटलं. माझा बाप शुद्धीत असता तर श्रावण म्हणाला असता, वद्य पंचमी म्हणाला असता. आणि एकाहत्तर? मरताना यमाने विचारलं असतं तरी त्याने अडुसष्टच सांगितलं असतं. या माणसाने काही विचारलंच नव्हतं. आधार कार्ड समोर ठेवून वय उतरवलं, भिंतीवरच्या कॅलेंडरातून महिना उतरवला, आणि बसल्या जागी चार टिक मारून मोकळा झाला. मला अक्षरशः हसू आलं. तीन महिने शोधत होते तो पुरावा माझ्या मांडीवर होता, आणि तो समजणारी अख्ख्या जिल्ह्यात मी एकटी होते.

डॉ. दीपेश ओपीडीत होता. एवढासा पोरगा, दाढीसुद्धा धड न भरलेली, विदर्भातून आलेला. बाहेर तापाच्या पेशंटांची रांग होती. मी रांग तोडून आत गेले, फाइल टेबलावर टाकली आणि जे काय म्हणायचं होतं ते सगळं म्हटलं. आवाज बाहेरपर्यंत गेला असणार, कारण नर्स धावत आली. त्याने तिला हातानेच जायला सांगितलं.

"मी विचारलं होतं, ताई," तो म्हणाला. "दोनदा विचारलं."

"खोटं बोलू नका. माझे वडील एकाहत्तर म्हणूच शकत नाहीत."

"त्यांचं बोलणं मला समजत नव्हतं. झटक्याने अस्पष्ट झालेलं, आणि वर मालवणी. मला इथे येऊन तेव्हा तीनच आठवडे झाले होते. काकू सांगत होत्या ना मला." त्याने पान आपल्याकडे ओढलं, जणू त्यात काही जास्त लिहिलेलं सापडेल. "मी विचारायचो, काका काहीतरी पुटपुटायचे, काकू त्यांच्या तोंडाजवळ कान न्यायच्या आणि मला सांगायच्या, एकाहत्तर म्हणतायत. ऑगस्ट म्हणतायत. मला वाटलं, त्या भाषांतर करतायत."

मी पान पुन्हा माझ्याकडे ओढलं.

"आणि हात?" मी विचारलं.

"हात स्थिर होता. मी स्वतः मोजले दहा." मग तो थांबला. आठवत होता, ते मला दिसत होतं. "काकू खाटेवर त्यांच्या उजव्या बाजूला बसल्या होत्या. काकांना थंडी वाजते म्हणाल्या, शाल घातली होती. हात शालीतूनच बाहेर आला होता. कोपर..." त्याचा चेहरा हळूहळू उतरत गेला. "मी शाल काढायला हवी होती. माझी चूक आहे, ताई. त्या दिवशी बेडवर दोन-दोन पेशंट होते, पण शाल काढायला किती वेळ लागतो?"

"इंजेक्शन दिलं असतं तर वाचला असता का हात?"

"सांगता येत नाही. कदाचित. तिघांतल्या एखाद्याला बराच फरक पडतो. पण खरे मार्क दहाच्या वर निघाले असते, मी इंजेक्शन दिलंच असतं." त्याचे डोळे भरले होते. त्या पोराला मी शिव्या घालायला आले होते, आणि आता त्याच्याकडे बघवत नव्हतं. मी फाइल उचलली. बाहेर रांगेतल्या माणसांनी मला वाट करून दिली.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. एसटीत देवगड रस्त्यावरचं प्रत्येक वळण येत होतं आणि मला तेवढंच सुचत होतं. आई. माझी आई, गुडघा दुमडून खाटेवर बसलेली, शालीखाली त्या गुडघ्यावर बाबाचं कोपर टेकवलेलं. पोराला वर्गात हळूच उत्तर सांगावं तसं तिने त्याचं उत्तर सांगितलं. का केलं असेल तिने असं? आमच्याकडे माणूस आजारी पडला की बोलतात घरचेच, हे खरं. डॉक्टरने विचारायचं पेशंटला आणि उत्तर द्यायचं बायकोने, ही रीतच आहे. पण हात? हात कशाला धरला गो आये?

आणि मग गाऱ्हाणं आठवलं. जसा ह्याचा हात पडला तसा त्याचा पडू दे. मी तिला कोपराने ढोसलं होतं. मी तिला होकार भरायला लावला होता. स्वतःच्या हातावर, स्वतःच्या वाचेवर. देव आहे की नाही यावर मी कॉलेजात तावातावाने भांडलेली बाई आहे, पण त्या एसटीत मी देवाला हात जोडून सांगत होते की थांब, अजून काही करू नकोस, मी येतेच आहे.

घरी न जाता मी थेट देवळाकडे उतरले. गणपत गुरव सभामंडपात समया पुसत होते.

"गणपतदा, माका गाऱ्हाणा मागे घेवचा आसा."

त्यांनी समई खाली ठेवली. "कित्याक?"

"चुकीच्या माणसार पडला."

ते म्हणाले, "म्हणजे तुका कळला."

"कळला," मी म्हटलं.

"तरी मिया तिका सांगलंय, सुगंधा, ह्या लपाचा नाय." ते पायरीवर बसले. "येवन गेली तुजी आवस. गाऱ्हाणा झाला तेच्या तिसऱ्या दिसा, एकटीच. मिया म्हटलंय, मागे घेवया, नारळ ठेव, देव काय दुस्मान नाय. तर नको म्हणाली. म्हणाली, गणपतदा, मागे घेव नको. देवान घेतलेलो शबुद तसोच ऱ्हवांदे. फकस्त देवाक इतक्याच सांग, की दंड माका एकटेक घाल. हात मिया धरलंय, वय मिया सांगलंय. फोनार कोणी सांगल्यान ता देवान इसरान जावक व्हया."

"फोन?" मी म्हटलं.

"तुजोच मा. मार्क कमी पडाक व्हये म्हणान तू सांगलंस." ते अगदी सहज बोलत होते, मला सगळं ठाऊक आहे असं धरून. "म्हणाली, चेडू शिकलेला, रोज ह्याच काम करता, ता खोटा कशाक सांगात? कमी पडले तर आजार ल्हान, म्हणान मिया कमी पडूक दिलंय. आणि रडान रडान म्हणाली, तेजूक ह्या कदी कळूक नको गणपतदा, ता जीव देतला. तुका कळला ता बरा झाला. इतक्या दिस तिचा तिनाच गिळल्यान."

मीच ते सांगितलं होतं. जितके मार्क कमी, तितको आजार ल्हान. त्यात खोटं काहीच नव्हतं. कागदावर ते तसंच असतं. सहा वर्षं मी फक्त कागदच बघितला होता, आणि त्या घाबरलेल्या बाईला मी कागदाची भाषा सांगितली होती. तिने ती हाताने करायच्या कामाची समजून ऐकली. तिला वाटलं, मार्क वाढू दिले नाहीत की आजार वाढणार नाही. पेज उतू जाऊ नये म्हणून आपण झाकण सरकवतो, तितक्याच साधेपणाने तिने ते केलं. आणि दुपारी मला फोन करून चार मार्क कळवले तेव्हा ती हसत होती ती त्यासाठीच. पोरीने सांगितलं तसं तिने करून दाखवलं होतं.

"मग घेवया मागे?" गुरवांनी विचारलं.

"तिचा नाव काडा," मी म्हटलं. "माजा घाला."

"असा नसता गो बाय. देवाकडे बदली चलत नाय." त्यांनी समई पुन्हा हातात घेतली. "दोघांचाय मागे घेतंय. सोमवारी नारळ घेवन ये. आवशीक सांगा नको, तिका वाटांदे तुका ठावक नाय. तितक्याच तिचा समाधान."

मी घरी आले तेव्हा उन्हं उतरली होती. बाबा पडवीत खुर्चीवर, समुद्राकडे तोंड करून. खाली किनाऱ्यावर रापण ओढत होते, त्यांचे आवाज वर येत होते. आई त्याच्या उजव्या हाताला तेल चोळत होती, बोटं एकेक करून मोकळी करत होती. तो हात तिने मांडीवर घेतला होता.

"फाईल गावली?" तिने मान वर न करता विचारलं.

फाइल माझ्या पिशवीत होती. लॅपटॉपच्या खाली, तिसरं पान दुमडलेलं.

"नाय गो. पावसात रेकॉर्डच्या खोलीत पाणी शिरला म्हणतत. सगळा भिजला."

तिची बोटं थांबली. "बरा झाला," ती म्हणाली, आणि मग घाईघाईने, "म्हणजे, जावंदे आता. कोणाचा वायट चितूक नको. तू दमलंस, च्या टाकतंय." ती उठली, जाता जाता माझ्या डोक्यावरून हात फिरवला. तेलकट होता. मी केस पुसले नाहीत. आत स्टोव्हवर भांडं ठेवल्याचा आवाज आला.

मी तिच्या जागेवर बसले आणि बाबाचा हात माझ्या मांडीवर घेतला. जड होता. हजारो फायलींत मी याला एक आकडा लावला होता, पण तो एवढा जड असतो हे मला माहीत नव्हतं. मी कोपराखाली हात घालून तो थोडा वर उचलला, आईने उचलला असेल तसा, आणि मनात दहा मोजले. मग हळूच खाली ठेवला.

"बाबा," मी हळू आवाजात म्हटलं, आत ऐकू जाऊ नये म्हणून. "ह्या माज्यामुळे झाला मा रे?"

त्याने समुद्रावरून नजर काढली आणि माझ्याकडे बघितलं.

"व्हय," तो म्हणाला.

त्याला दुसरा शब्दच येत नाही, हे मला ठाऊक आहे. पेज हवी का विचारा, नको का विचारा, तो व्हयच म्हणतो. उलट करून पुन्हा विचारलं असतं तरी तेच म्हणाला असता, आणि मग माझं समाधान झालं असतं. पण मी पुन्हा विचारलं नाही.